बापूंचा साबण

बापूंनी कुणावर आवाज चढवल्याचं मी नऊ वर्षांत ऐकलं नाही. आमच्या पोलीस ठाण्यात शिवी न देणारे ते एकटेच, आणि आज मला सगळ्या शिव्या देणाऱ्यांपेक्षा त्यांचीच जास्त किळस येते. हे लिहायला मला भीती वाटते. मी त्यांचं मीठ खाल्लेलं आहे, आणि आमच्याकडे, म्हणजे हिंगोलीकडं, मीठ खाल्लेल्या माणसाबद्दल वाईट बोललं तर जीभ झडते म्हणतात. झडायची तर झडो, पण लिहून झाल्यावर.

सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन अंबरनाथला आले. नवऱ्याची कंपनी बंद पडली तसा तो गावाकडं परत गेला, मी राहिले. ठाण्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली माझी चहाची टपरी आहे ती बापूंच्या एका शब्दावर. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना ते म्हणाले होते, "बसू द्या हिला, परमुलखातली आहे." बस, एवढंच. नगरपालिकेची गाडी येते, रस्त्यावरच्या सगळ्यांचं सामान उचलते, माझ्या किटलीला हात लावत नाही. रोज स्टोव्ह पेटवताना मी बापूंचं नाव घ्यायचे.

ते सहाय्यक फौजदार होते. दारातून आत गेलं की समोर पहिलं टेबल, तिथं तक्रार घेणारे ठाणे अंमलदार म्हणून बहुतेक तेच बसायचे. केसांना तेल, कपाळाला अष्टगंध, खिशात दोन पेनं, एक काळं, एक लाल. त्या पेनांची टोपणं ते बोलता बोलता टेबलावर वाजवायचे. उघडायचे मात्र फार क्वचित. त्यांचं एक वाक्य ठाण्यातल्या पंख्यासारखं सारखं चालू असायचं, "कागद एकदा काळा झाला की पांढरा होत नाही, बाळ."

सगळ्या बायकांना ते बाळ म्हणायचे. कुणी बाई रडत आत आली की स्वतः उठून खुर्ची द्यायचे, पंख्याचं तोंड तिच्याकडे फिरवायचे. मग मला हाक. "सुमन, हिला मागं ने. तोंड धू दे, हातपाय धू दे. मग चहा."

मागं मुद्देमालाच्या खोलीजवळ बेसिन होतं. तिथं बापूंनी स्वखर्चानं चंदनाचा साबण ठेवलेला, गुलाबी डबीत. शिपायांनी वापरला तर रागवायचे. म्हणजे रागवायचे नाहीत, हिरमुसायचे. "अरे, लेडीजसाठी आहे रे तो. बिचाऱ्या कुठून कुठून येतात." एकदा महिला दिनाला कुठल्यातरी मंडळानं त्या साबणाबद्दल त्यांना गुलाबाचं फूल दिलं होतं. खरंच. साबणाबद्दल.

त्या बेसिनपाशी मी किती जणींच्या हातावर पाणी ओतलं असेल. भांडणाच्या, सासरच्या, चोरीच्या. आणि त्यांच्यातल्याच काही त्या दुसऱ्या, ज्यांना नेमकं काय झालं ते सांगताच यायचं नाही. मला वाटायचं मी पुण्य करतेय. पाहुण्याला आधी पाणी द्यावं एवढंच मला आईनं शिकवलं होतं.

तोंड धुऊन ती बाई परत आली की बापू सुरू व्हायचे. दार उघडंच. बाकावर पासपोर्टच्या चौकशीला आलेली माणसं, मोबाईल हरवलेली पोरं, सगळी कान देऊन. बापू पुढं वाकून, अगदी मायेनं, "बाळ, मला नाही विचारायचं. पण उद्या कोर्टात वकील विचारील, म्हणून तुझी तयारी करून घेतो. इतक्या उशिरा का आलीस? त्याला आधीपासून ओळखत होतीस? कपडे कोणते होते? ओरडली का नाहीस?" नाही विचारायचं म्हणत म्हणत सगळं विचारायचे. ती बाई खुर्चीत लहान लहान होत जायची. शेवटी बापू एक कोरा कागद पुढं सरकवायचे. "सध्या अर्ज देऊन ठेव. मी बघतो."

अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. अर्ज म्हणजे बापूंच्या डाव्या हाताचा ड्रॉवर.

कात्रपहून एक कुटुंब आलं होतं. वडील कुठल्याशा कारखान्यात अधिकारी, आई शाळेत, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. क्लासच्या सरांबद्दल होतं. बापूंनी मुलीला एकटीलाच मागं पाठवलं आणि आईवडिलांना म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. मी काय सांगू? मुलीचं अजून सगळं व्हायचंय. कागद एकदा काळा झाला की..." वडिलांच्या चेहऱ्यावर असं काही हायसं उमटलं की बघवेना. त्यांना कुणीतरी नाही म्हणायला हवंच होतं. जाताना त्यांनी बापूंचे दोन्ही हात हातात घेतले. मुलगी माझ्या टपरीपाशी उभी होती. मी चहा पुढं केला. ती म्हणाली, "मावशी, त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही."

मी त्यावर काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "साखर कमी पडली का?"

आणि दुसरी ती हद्दीची गोष्ट. बापूंच्या मागं भिंतीवर ठाण्याच्या हद्दीचा नकाशा होता. लोक देवाकडं बघतात तसे ते त्याच्याकडं बघायचे. नाल्याच्या अलीकडं की पलीकडं, पुलाखाली की पुलावर, गेटच्या आत की बाहेर. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापणारी एक बाई आली. तिला टेम्पोतून आणून रस्त्यात मधेच उतरवलं होतं. सोबत शेजारची सिंधी म्हातारी, पांढरी ओढणी, हातात पर्स धरलेली जशी कुणी हिसकावणारच आहे. बापूंनी वर्तमानपत्राच्या कडेला नाला काढला, रस्ता काढला, फुली मारली. "हे बघा माताजी, टेम्पो इथून निघाला, इथं थांबला. ये अपना नहीं. आप उधर जाइए. मैं फोन कर देता हूँ."

ती तिकडं गेली. तिकडच्यांनी परत पाठवली. पुन्हा फुली, पुन्हा "माताजी". दुसऱ्या खेपेला म्हातारी त्या कागदावरच्या फुलीवर बोट ठेवून म्हणाली, "साईं, औरत का कितना हिस्सा इस तरफ आया, कितना उस तरफ, वो भी लिख दो. आधा-आधा बाँट लेना."

बाकावरची पोरं हसली. बापूसुद्धा हसले. त्यांनी स्वतः बाहेर येऊन दोघींना रिक्षा करून दिली. तिसऱ्या खेपेला त्या आल्या नाहीत. बापू मला म्हणाले, "बघ, राग शांत झाला की माणसाला समजतं."

मी मान हलवली. नऊ वर्षं मी मानच हलवली.

मग कोळेकर बाई बदलून आल्या. हवालदार. मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. उभ्यानं डबा खायच्या, चहाला कधी बरा म्हणायच्या नाहीत, सरळ बोलणं ठाऊकच नाही. पहिल्याच दिवशी मागं गेल्या, साबणाची गुलाबी डबी बघितली. "ही कुणाची नाटकं?"

"बापूंनी ठेवलाय. लेडीजसाठी."

"लेडीजसाठी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सावरला. त्यांना बाकी काही बोलायला वेळ मिळाला नाही, बंदोबस्ताला गेल्या. तेव्हाच बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठवड्याभरात सोमवारी सकाळी ती पोरगी आली. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरची. नाव लिहीत नाही, तसं ते कुणीच लिहायचं नसतं. एका कंपनीत पॅकिंगला जायची. आदल्या दिवशी ओव्हरटाइमनंतर ठेकेदाराच्या सुपरवायझरनं गाडीवर सोडतो म्हणून धरणाच्या रस्त्याला नेलं. सोबत तिची जाऊ होती, हातात एक कॅरीबॅग, तिच्यात फाटलेलं पोलकं कोंबलेलं. जाऊ दारातूनच सांगायला लागली, "रातभर सांगतंय हिला आंघोल कर, आंघोल कर. ऐकली नाय. आधी पोलीस बोलली. तशीच बसली उंबऱ्यावर, हात पन नाय धुवला."

पोरीनं दोन्ही मुठी मिटून पोटाशी धरल्या होत्या. नखांत काहीतरी राखून आणल्यासारखी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाड्यावर कुठली टीव्हीवरची अक्कल येते? तिला आपलं आपणच कळलं होतं की हे धुवायचं नाही.

बापू उठले. खुर्ची दिली. पंखा फिरवला. "अरे अरे, बाळ. किती चिखल. सुमन, हिला ने. हात धू दे, तोंड धू दे, छान साबण लाव. तुझं एखादं लुगडं असेल तर दे हिला. मग बोलू."

मी तिला मागं नेलं. नळ सोडला. ती म्हणाली, "मना नको पानी."

नीट ऐकू आलं मला. "मना नको."

मी म्हणाले, "अगं घे, बरं वाटेल," आणि तिची डावी मूठ उघडून पाण्याखाली धरली. साबण लावला. नखं घासली. मी घासली, माझ्या बोटांनी. तिनं हात मागं ओढला नाही. तिला वाटलं असेल पोलिसांत असंच असतं.

उजवी मूठ धरणार तेवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी पकडलं. कोळेकर बाई. पार घामेजल्या होत्या, नुकत्याच आल्या होत्या. नळ बंद केला.

"काय करतीयस?"

"बापूंनी सांगितलं..."

"किती जणींना धुऊन काढलंस आजवर?"

तिच्या डाव्या हातावरून फेस खाली पडत होता.

"पुसू नको गं बाळ," असं काही त्या तिला म्हणाल्या नाहीत. बाळ त्यांच्या तोंडात नव्हतं. म्हणाल्या, "माझं नाव कोळेकर. तुझं काय? हां. आता तो उजवा हात असाच ठेव. कशाला लावू नको. डॉक्टरला दाखवायचाय. कुठं दुखतंय? रक्त जातंय का? चक्कर? आधी दवाखान्यात जायचं का आधी सांगायचंय, तू सांग. तू म्हणशील तसं."

त्यानंतर जे झालं ते मी नऊ वर्षांत त्या इमारतीत पाहिलं नव्हतं. त्यांनी साहेबांची रिकामी खोली उघडली. दार लावलं. टेबलामागं न बसता खुर्ची पोरीशेजारी ओढली, थोडी तिरकी, म्हणजे नजरेला नजर द्यायची सक्ती नको. जावेला नाही, पोरीलाच विचारलं की जाऊ आत हवी का बाहेर. पोरगी म्हणाली बाहेर. मग माझ्याकडं वळून, "भज्यांच्या कागदी पिशव्या असतील ना? नव्या. न वापरलेल्या. चार आण." मी पळत आणल्या. त्यांनी हातमोजे घातले आणि कॅरीबॅगमधलं पोलकं कागदी पिशवीत घातलं. प्लास्टिकमध्ये ओल धरते, पुरावा कुजतो. माझ्या पिशव्यांवर त्यांनी सही केली, वेळ घातली.

काचेतून मला दिसत होतं, थोडं ऐकूही येत होतं. त्या 'का' असं विचारत नव्हत्या. मग काय झालं, एवढंच. पोरगी थांबली की थांबायच्या. तेवढा वेळ पेनसुद्धा हलवायच्या नाहीत. तिचे शब्द तसेच लिहिले, मना तर मना. पुस्तकी करून घेतले नाहीत. मग वाचून दाखवलं.

बापू दारापाशी घुटमळत होते. दार उघडल्यावर अगदी हळू म्हणाले, "बाई, धरणाच्या रस्त्याचं म्हणतेय ती. आपल्या हद्दीत येत नाही हो."

"शून्य नंबरनं गुन्हा घेतलाय. हद्द नंतर शोधू. पोरगी आत्ता आलीय."

"साहेबांना विचारलं असतं..."

"घेतला नसता तर तुमच्यामाझ्यावरच कलम लागलं असतं, बापू. तेवढा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटतं, ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही अर्ज घेता."

बापूंनी पेनाचं टोपण टेबलावर वाजवलं. मग म्हणाले, "तुम्ही नवीन आहात बाई. शांत व्हा. पाणी घ्या."

पोरीच्या हातात गुन्ह्याच्या कागदाची प्रत देऊन त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. वर्दीवर साधा कोट चढवून गेल्या, म्हणजे रस्त्यात लोकांनी बघायला नको. डॉक्टरांनी उजव्या हाताच्या नखांखालचं काढून घेतलं. डाव्या हाताला चंदनाचा वास येत होता, असं कोळेकर बाईंनी मला नंतर सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

सुपरवायझर चौथ्या दिवशी पकडला गेला. मग माझा जबाब घ्यायची वेळ आली, की हात का धुतला. आदल्या दिवशी बापू टपरीवर आले. उभ्या उभ्या अर्धा चहा घेतला.

"सुमन, मी तुला पाणी दे म्हणालो होतो ना गं? हात धू असं कुठं म्हणालो?"

मी किटलीत पाणी ओतलं.

"तिनंच मागितलं असेल बघ पाणी. बिचारीला घाण वाटली असेल. तू आपलं माणुसकीनं दिलंस. असंच सांग, त्यात कुणाचंच नुकसान नाही." मग बदामाच्या झाडाकडं वर बघून म्हणाले, "सावली छान पडते नाही इथं? कुणी उठवलं तर कुठं जाशील?"

धमकी नव्हती. ते धमक्या देत नसत. मी रात्रभर गावाकडच्या घराचा विचार केला, तिथं आता भावजय आहे. सकाळी जबाबात मी सांगितलं, तिनं मागितलं म्हणून दिलं. सही केली. सातवीपर्यंत शिकल्याचा तेवढा उपयोग झाला.

कोळेकर बाईंनी तो जबाब वाचला आणि चहा प्यायला आल्या. पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "आता त्याचा वकील म्हणेल, पोरीनंच हात धुवून टाकला, तिलाच काही लपवायचं होतं. रात्रभर मुठी आवळून बसलेली पोरगी ती. तिच्या तोंडात तू 'पाणी द्या' घातलंस." ग्लास ठेवला. "कोर्टात बोलावतील तुला. तेव्हा ठरव तुझं तू." पुढं त्यांची बदली झाली. चहा बरा असतो असं शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत.

बापू व्यवस्थित निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. माणुसकी हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडलं. मला त्यांनी स्टेजवर बोलावलं, "ही आमची अन्नपूर्णा." मी पाया पडले. सवय.

पोरगी अजून तारखांना जाते. कंपनी सुटली, आता पाड्यावर भात लावते, तारखेच्या दिवशी मजुरी बुडवते. सगळं त्या उजव्या हाताच्या नखांवर उभं आहे. येताना कधी कधी टपरीवर थांबते. चहा घेते, डाव्या हातानं. जबाबात मी काय सांगितलंय ते तिला तिच्या वकीलबाईंनी वाचून दाखवलेलं आहे. तरी थांबते.

गेल्या संक्रांतीनंतर मला समन्स आलं. साक्षीला यायचं. त्याच आठवड्यात पालेगावच्या एका नव्या सोसायटीत हळदीकुंकू होतं, चहाची ऑर्डर माझी. मांडवात पोचले तर पाहुणे म्हणून बापू. सोसायटीच्या महिला सुरक्षा समितीचे ते सल्लागार झालेत. तसंच तेल, तसंच अष्टगंध. आणि वाण म्हणून प्रत्येक बाईला चंदनाचा साबण, बापूंकडून, गुलाबी कागदात.

माईक घेऊन ते समजावत होते. "भगिनींनो, देव न करो, पण असा काही प्रसंग आला, तर घाबरायचं नाही. आधी शांत व्हायचं. पाणी प्यायचं. स्वच्छ हातपाय धुवायचे, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे. मन ताळ्यावर आलं की मग घरच्यांशी बोलून..."

पन्नास-साठ बायका माना हलवत होत्या. माझ्यासारख्याच. पुढच्या रांगेत एक कॉलेजची पोरगी ते मोबाईलवर टिपून घेत होती.

माझ्या हातात ट्रे होता. मी तो खाली ठेवला.

"धुवायचं नसतं," मी म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, काय म्हणतायत मावशी?

"धुवायचं नसतं काही. हात नाही, कपडे नाही, केस विंचरायचेसुद्धा नाहीत. तसंच दवाखान्यात जायचं, तसंच ठाण्यात जायचं. कुठल्याही ठाण्यात, हद्द नाही बघायची. अर्जावर सही करून यायचं नाही. कागदाची प्रत मागायची." एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. "बापू, त्या पोरीनं पाणी मागितलं नव्हतं. ती नको म्हणाली होती. धू असं तुम्ही सांगितलं होतं, आणि मी धुतलं. मी हे कोर्टात सांगणार आहे."

मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल. त्यांनी चिडावं म्हणून मी वाट बघत होते. त्यांचा एक तरी खरा आवाज ऐकू येईल.

"असेल, बाळ," ते माईकमध्ये म्हणाले, तोच मऊ आवाज. "असेल. तेव्हा आम्हाला काय एवढं माहिती होतं? आता कायदे बदललेत. चहा दे सगळ्यांना."

मोबाईलवर टिपणारी पोरगी उठून माझ्याकडं आली. "परत सांगा," म्हणाली. "पहिल्यापासून." तिच्या मागं आणखी तिघी आल्या. चहा गार होत होता. मी परत सांगितलं.

सांगता सांगता मला मांडवाच्या कडेला बापू दिसले. वाण वाटताना बोटांना हळदकुंकू लागलं होतं, ते धुवायला ते नळापाशी गेले होते. तिथं साबण नव्हता. त्यांनी उरलेल्या वाणातला एक काढला, गुलाबी कागद नीट घडी करून खिशात दोन पेनांमागं ठेवला, आणि हात धुवायला लागले. घाई नव्हती. एकेक नख घासत होते.